राणीबाईंचा कप

"बाई, राजाचं गाणं सुरू झालं की तुम्ही तोंड का मिटून घेता?"

प्रश्न माझ्या वर्गमैत्रिणीचा, बिबीजानचा होता, तोंड तेवढं माझं. पैज लागली होती. मी विचारलं तर बिबीजान घरामागच्या झाडाची ओंजळभर बोरं देणार, नाही विचारलं तर मी महिनाभर तिचं दप्तर वाहायचं. वर्गातली मेरी पंच. पण बोरांसाठी विचारलं असं म्हणणं खोटं होईल. जानेवारीत वक्तृत्वात माझा पहिला नंबर आला होता. त्याआधी मी हजेरीला 'हजर' म्हणतानासुद्धा लाजायची, आणि त्यानंतर घरी आईला म्हणावं लागायचं, दीना, मध्ये एकदा श्वास घे गं, मग पुढचं सांग. जगात असा एकही प्रश्न नाही जो मला विचारता येणार नाही, असं मला वाटू लागलं होतं.

ज्यांना विचारला त्या मिसेस क्विन. साल त्रेचाळीस. आठवड्यातून तीन दिवस त्या भिंगारहून टांग्याने आमच्या मिशनच्या मुलींच्या शाळेत लेस शिकवायला यायच्या. त्यांचे यजमान कॅम्पात सार्जंट होते, विषमज्वराने गेले, आणि बाई इथेच राहिल्या. क्विन हे आडनाव आम्हाला 'क्वीन' असंच ऐकू आलं, त्यामुळे पहिल्या दिवसापासून त्या आमच्या राणीबाई. त्यांना हे कळलं तेव्हा हसून हसून त्यांच्या हातातला दोऱ्याचा गुंडा बाकाखाली घरंगळला. कॅम्पातली हिंदुस्थानी आणि नगरची मराठी यांची मिसळ करून त्या म्हणाल्या की मला काहीही म्हणा, चेटकीण म्हणा, पण राणी नको. त्यात हसण्यासारखं काय, ते तेव्हा आम्हाला कळलं नाही. आम्ही राणीबाईच म्हणत राहिलो.

मोठ्या मॅडम अमेरिकन. बाई मात्र आयरिश, त्यातून कॅथलिक, म्हणजे आमच्या मंडळीच्या, आमच्या प्रोटेस्टंट चर्चच्या लेखी जवळजवळ परधर्मीच. मॅडमनी त्यांना ठेवतानाच बजावलं होतं, की धर्म आणि राजकारण सोडून काय ते बोलायचं. बाईंनी ते पाळलं. तरी एकदा घोटाळा झालाच. ईस्टरला चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर ठेवतात त्या मेजावर घालायचं आच्छादन आमचा वर्ग विणत होता. त्याच्या काठाला बाईंनी तीन पानांचा नमुना दिला. मी माझा तुकडा घरी नेला, तर आई तो लांब धरून बघत राहिली. म्हणाली, हे तर बेलाचं पान. दोन दिवसांत चार आयांनी शाळेत तक्रार नेली, की ती गोरी बाई आमच्या मुलींकडून देवाच्या मेजावर महादेव विणून घेते. शेवटी बाईंना मॅडमसमोर सांगावं लागलं, की हे आमच्या देशात गवतात उगवणारं साधं पान आहे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन असून एक कसे, ते समजावताना आमचे धर्मगुरू हेच पान दाखवतात. आया गप्प झाल्या. हेच पान त्यांच्या देशाची खूणही आहे आणि बंडखोर ते कोटाला लावायचे, एवढं बाईंनी सांगितलं नाही.

मी प्रश्न विचारला तेव्हा वर्गातल्या बावीस सुया थांबल्या. दर सोमवारी प्रार्थनेनंतर राजाचं गाणं, 'गॉड सेव्ह द किंग', व्हायचं. लढाई चालू होती, किल्ल्यात पुढारी कोंडलेले होते, त्यामुळे ते गाणं जरा जास्तच मोठ्याने म्हणवून घेत. सगळे शिक्षक म्हणायचे. बाई ताठ उभ्या, ओठ शिवल्यासारखे.

त्या म्हणाल्या, "गळा खराब आहे." मग माझ्याकडे बघून, "वीस वर्षं खराब आहे."

वर्ग सुटल्यावर त्यांनी मला एकटीला थांबवून घेतलं. बोरं मी जिंकलीच होती, आता आणखी काय मिळणार म्हणून मी आनंदाने थांबले. हातातलं विणकाम न थांबवता त्या सांगत गेल्या. आधी एवढंच म्हणाल्या, "तू विचारलं, म्हणून तुला देते. पुढे कोणाला देऊ नको." मी गळ्याला हात लावून शपथ घेतली.

त्यांचा धाकटा भाऊ टिम डब्लिनच्या धक्क्यावर हमाली करायचा. खरं नाव तिमथी. ऐकता ऐकताच मी त्याचा आमच्या पवित्र शास्त्रातला, बायबलातला तीमथ्य करून टाकला. सोळा साली ईस्टरच्या सोमवारी तिथे इंग्रजांविरुद्ध बंड झालं, तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. इंग्रजांनी बंडवाल्यांना गोळ्या घातल्या. आदल्या आठवड्यात बंडाला पाप म्हणणारा त्यांच्या गल्लीतला पाद्री मेलेल्यांसाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, म्हणू लागला, आणि बाईंच्या आईने येशूच्या तसबिरीशेजारी त्या मेलेल्यांची तसबीर लावली. दोघांपुढे दिवा एकच. टिम मोठा होऊन बंडखोरांत गेला तो त्या दिव्याच्या उजेडातून गेला, असं बाई म्हणाल्या. त्याच महिन्यात बाईंनी इंग्रजांच्या फौजेतल्या शिपायाशी लग्न केलं आणि बोटीत बसल्या.

टिमच्या खिशात जपमाळ असायची. रोज संध्याकाळी त्याची सगळी तुकडी बंदुका भिंतीला टेकवून गुडघ्यांवर बसायची. पण त्याला नुसता इंग्रज जायला नको होता. धक्का हमालांचा, जमीन कसणाऱ्याची, असं तो बोलायचा, आणि मग तोच पाद्री म्हणायचा, हे देवाचं राज्य नव्हे बाबा, हे रशियाचं. तोवर निदान थट्टेत चाललं होतं. पुढे इंग्रजांशी तह झाला. राज्य मिळालं ते तुटकं, उत्तरेचा तुकडा इंग्रजांकडेच, आणि राजाची शपथ डोक्यावर राहिली ती राहिलीच. टिमसारख्यांनी तह मानला नाही, आणि काल एकत्र जप करणारे आज एकमेकांवर नेम धरू लागले. तेव्हा देशातल्या सगळ्या बिशपांनी मिळून एक पत्र काढलं. नव्या सरकारवर बंदूक उचलेल त्याला पापक्षमा नाही, प्रभुभोजन नाही.

हिवाळ्यात टिम एका गोठ्यात जखमी होऊन पडला. निरोप गेला, तो गल्लीतला पाद्री सायकलवर आला. म्हणाला, एवढंच म्हण की बंदूक उचलली ते चुकलं, मग मी तुला सगळं देतो. टिम म्हणाला, "बाकी सगळ्याची माफी मागतो. हे तेवढं म्हणवत नाही." पाद्री बराच वेळ बसला. रडलाही. मग सायकलवर बसून निघून गेला. टिम तसाच मेला. आणि त्यांची आई मरेपर्यंत दर रविवारी त्याच पाद्र्याच्या हातून प्रभुभोजन घेत राहिली.

टिम कसा मेला ते बाईंना आईच्या पत्रातून कळलं. ते पत्र येईपर्यंत त्या पलटणीच्या चर्चमध्ये राजाचं गाणं खुशाल म्हणत. त्यानंतर नाही.

मग त्यांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली. टिमच्या गोळीने एकजण मेला होता. नव्या सरकारच्या फौजेतला, त्यांच्याच गल्लीतला. दोघांनी पहिलं प्रभुभोजन एकाच दिवशी, शेजारी शेजारी गुडघे टेकून घेतलं होतं. "हे विसरून बाकीचं लक्षात ठेवू नको," बाई म्हणाल्या.

मी विचारलं, मग देव कोणाच्या बाजूचा होता?

"ते मला कळलं असतं, पोरी, तर मी एखादं तरी गाणं म्हटलं असतं."

मी रडत घरी गेले आणि खरं सांगायचं तर त्या रडण्याने मला फार छान वाटत होतं. तीन आठवडे मी ती गोष्ट पोटात ठेवली. माझ्यासारखीला तीन आठवडे म्हणजे पुष्कळ झाले. मग शाळेच्या 'पणती' या हस्तलिखिताची वेळ आली. दर वर्षी मुली लिहायच्या, सुंदर अक्षराची मेरी उतरवून काढायची आणि बिबीजानचे वडील कमरुद्दीनचाचा बांधणी करून द्यायचे. निबंधाला बक्षीस होतं. माझ्या मनात आलं, बाईंचं नाव नाहीच घालायचं, मग शपथ कुठे मोडते? मी लिहिलं, 'एका परदेशी बाईंचा भाऊ'. शाळेत परदेशी बाई दोनच, त्यातल्या मोठ्या मॅडमना भाऊ नाही हे सगळ्या शाळेला माहीत. आणि टिमने कोणाला मारलं होतं ते मी गाळलं. माझ्या निबंधातला तीमथ्य नुसता गोळ्या खातो.

बिशपांच्या त्या पत्रासाठी मला शब्द हवा होता. 'प्रभुभोजनास मज्जाव' हे फार मिळमिळीत. मग मला घरातला शब्द आठवला. माझे आजोबा, यशया, यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्याच भावकीने त्यांना वाळीत टाकलं. पाणी बंद, चूल बंद, मयताला खांदा बंद. बाबा ही गोष्ट दर नाताळात सांगतात, आणि वाळीत टाकलं म्हणताना त्यांची छाती फुगते. आमच्या घरात तो शब्द बिल्ल्यासारखा आहे. म्हणून मी मथळाच दिला, 'वाळीत टाकलेला वीर', आणि शेवटी लिहिलं, 'त्याच्या मंडळीने त्याच्या सर्व घरास वाळीत टाकले.' घराला कोणी टाकलं नव्हतं. त्यांची आई दर रविवारी चर्चमध्ये जात होती. पण वाक्य घराने भरदार होत होतं.

मला पहिलं बक्षीस मिळालं. वाचून दाखवताना दोन मुली रडल्या, त्या मी मोजल्या. मेरी बक्षिसाची दौत हातात घेऊन घेऊन बघत होती. बिबीजान तेवढी म्हणाली, "क्या गे, बाईंना विचारलंस का?" मी म्हटलं, नाव कुठे घातलंय.

पुढच्या बुधवारी मी चहाच्या सुट्टीत स्वयंपाकघराकडे गेले. शाळेच्या वसतिगृहात छबूबाई स्वयंपाकाला आहेत. शिक्षकांचे कप फळीवर पालथे घातलेले असतात. बाईंचा निळ्या काठाचा कप फळीवर नव्हता. तो बाहेर, हात धुवायच्या दगडावरच्या कोनाड्यात ठेवलेला होता, आणि छबूबाई वरून चहा ओतत होत्या, किटली कपाला लागू न देता.

मी विचारलं, हे काय.

"आता तूच लिवलंयस न्हवं," छबूबाई म्हणाल्या. "लेकीनं वाचून दावलं. तिच्याच मंडळीनं वाळीत टाकलेली बाई हाय ती. आपन कशाला शिवायचं? मानसं उगा न्हाई टाकत कुनाला."

छबूबाई आमच्याच मंडळीतल्या. त्यांच्या आईने आणि माझ्या आजोबांनी एकाच ओढ्यात बाप्तिस्मा घेतला. घोडेगावच्या हॉटेलात आमच्या माणसांसाठी कान तुटलेला कप बाहेरच्या कोनाड्यात असतो. बाबा शाळामास्तर असूनही त्याच कपातून प्यायचे, पुढे त्यांनी त्या हॉटेलात चहाच सोडला. हे छबूबाईंना माहीत नाही असं नाही. मला तर वाटतं, कप कुठे ठेवायचा असतो हे त्यांना त्यामुळेच माहीत होतं.

मी बोलायला हवं होतं. चारशे लोकांपुढे 'स्त्रीशिक्षण' या विषयावर सात मिनिटं बोललेली मी. मी म्हटलं, "बरं." तेवढ्यात बाई आल्या. त्यांनी फळीकडे पाहिलं, मग कोनाड्याकडे. तेवीस वर्षं या देशात काढलेल्या बाईंना कोनाडा कळत नसेल का? त्यांनी तो कप उचलला, उभ्यानेच चहा घेतला, आणि स्वतः विसळून परत कोनाड्यातच ठेवला. माझ्याशी नेहमीसारखं बोलल्या. मी मान वर केली नाही.

त्या शुक्रवारी मॅडमचं बोलावणं आलं. 'पणती' त्यांच्या मेजावर उघडी होती. त्यांच्यासाठी कोणीतरी तिचं इंग्रजी करून दिलं होतं. मॅडम रागावल्या नव्हत्या, भ्यालेल्या होत्या, आणि त्याने मी जास्त भ्याले. मिशनने सरकारला लिहून दिलंय की आम्ही राजकारणात पडणार नाही, आणि इथे शाळेच्या कागदावर बंडखोराची आरती, असं त्या म्हणाल्या. हे बाहेर गेलं तर शाळा बंद होईल. कोणी मुलगी स्वतःहून असं लिहिते, की तिला कोणी लिहायला लावलं, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. स्वतःहून लिहिणारीला शाळेत ठेवणं कठीण. लावणाऱ्याचं वेगळं.

"क्विनबाईंनी हे तुला लिहायला सांगितलं?"

मला मॅट्रिक व्हायचं होतं. बाबांची नोकरी मिशनची. हे सगळं मी तेव्हा मनात आणलं असं नाही, ते नंतर स्वतःला सांगण्यासाठी जमवलं. तेव्हा मी फक्त "हो" म्हटलं.

बाईंना लगेच बोलावलं. मी बाहेर व्हरांड्यात उभी होते, दार लोटलेलं, आवाज येत होता. मॅडमनी विचारलं, लिहायला तुम्ही सांगितलं का. मग बाई म्हणाल्या, "गोष्ट माझी आहे." हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. मॅडमनी सांगितलं की ईस्टरनंतर यायची गरज नाही, आच्छादन तेवढं पुरं करून द्या.

बाहेर आल्यावर त्यांनी मला पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "तुझा कोपरा सैल झालाय, दीना. घाई केलीस. उसव आणि परत विण." आणि टांग्याकडे गेल्या.

बिबीजानला मी खरं सांगितलं, कोणाला तरी सांगायलाच हवं होतं. तिने मला बोलूच दिलं नाही. "टिमला एक शब्द बोलायला सांगितला होता. मरताना. तो नाही बोलला. तुलाही एकच बोलायचा होता, आणि तू तर ठणठणीत होतीस." मग जाता जाता, "माझी बोरं परत दे," म्हणाली. बोरं केव्हाच खाऊन झाली होती.

मी तो कोपरा उसवायला घेतला. एक पान सुटलं की शेजारचं सुटतं, तिसरं आपोआप. दोन तास उसवला, आणि मग हातात नुसता वाकडातिकडा दोरा उरला. त्याला आधीच्या विणीच्या घड्या पडलेल्या, त्या सरळ होईनात.

ईस्टरच्या रविवारी मला मंडळीत घेणार होते. आमच्याकडे पंधरा-सोळाव्या वर्षी मुलगा-मुलगी मंडळीपुढे उभी राहते, पाळकसाहेब प्रश्न विचारतात, आणि मग पहिल्यांदा प्रभुभोजन मिळतं. आईने पांढरं लुगडं आणलं होतं. बाबा डीकन आहेत, भाकरीचं ताट तेच फिरवतात, म्हणजे माझ्या आयुष्यातलं पहिलं प्रभुभोजन मला बाबांच्या हातून मिळणार होतं. ते गेले पंधरा दिवस कोणालाही गाठून हेच सांगत होते. पानवाल्यालासुद्धा.

ईस्टरच्या आधीच्या मंगळवारी संध्याकाळी बाबा माझी उजळणी घेत होते. आई लुगड्याला काठ टाचत होती. बाबांनी पाळकसाहेबांसारखा आवाज काढून विचारलं, "दीना शांतवन, तू आपल्या पापांचा मनापासून पश्चात्ताप करतेस काय?"

उत्तर एका शब्दाचं आहे. 'करते.' मला दोन वर्षांपासून पाठ आहे.

बाबा हसले, म्हणाले, वक्तृत्वातली वाघीण आज अडखळली. त्यांनी परत विचारलं. आईने सुई थांबवली. आईला आधी कळतं.

मग मी सगळं सांगितलं. बाईंची शपथ, गाळलेला तो मेलेला मुलगा, घराला नसलेलं वाळीत, कोनाडा, 'हो'. सांगताना मी श्वास घेतला, मध्ये मध्ये थांबले, आईने कोणतीच घाई केली नाही. कोनाड्याचं आलं तेव्हा बाबांनी चष्मा काढला आणि परत घातलाच नाही. त्यांच्या आवडत्या शब्दाचं मी काय केलं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. आई म्हणाली की बाई तर काही बोलल्या नाहीत ना, तर मग ईस्टर होऊन जाऊ दे, पोरी, तुझ्या बाबांनी सगळ्या मंडळीला सांगितलंय. मॅडमनी शाळेतून काढलं तर काय करशील. ती चिडून नव्हती बोलत. तिच्या मांडीवर ते लुगडं होतं.

मी बाबांकडे बघून बोलले. आवाज वक्तृत्वातला निघेना, घोगरा निघाला.

"बाबा, रविवारी मी उभी राहणार नाही. उद्या सकाळी मॅडमकडे जाते आणि सांगते की बाईंनी लिहायला सांगितलं नव्हतं, मी खोटं बोलले. काढलं शाळेतून तर काढू दे. मग सगळ्या मुलींपुढे त्या मुलाचंही सांगते, टिमने मारला त्याचं. तुमचं ताट माझ्यापुढे येईल तेव्हा मी ते पुढे देईन, मला घ्यायला सांगू नका. आणि आई, उद्यापासून मी शाळेत चहा कोनाड्यातल्या कपातून पिणार आहे, छबूबाई कप फळीवर ठेवीपर्यंत."